हात इथे, नजर तिथे : पडदा नसलेल्या टॅब्लेटवर चूक कुणाची?



टॅब्लेट म्हटलं की आमच्या वयाच्या माणसांना आधी सकाळ-संध्याकाळची गोळी आठवते. आजचा विषय तो नाही. आज आपण चित्र काढण्याच्या टॅब्लेटविषयी बोलणार आहोत, आणि त्यातही साध्या, पडदा नसलेल्या टॅब्लेटविषयी. एक काळी चपटी पाटी. ती वायरने संगणकाला जोडायची आणि सोबत मिळालेल्या पेनाने तिच्यावर रेघ ओढायची. पाटीवर काहीच उमटत नाही. रेघ उमटते ती समोरच्या स्क्रीनवर. हात इथे, चित्र तिथे.

तत्त्वज्ञानाचा माणूस या विषयात कशाला शिरला, असं काहींना वाटेल. त्याला कारण घडलं ते असं.

आमच्या सोसायटीत अकरावीतली एक मुलगी आहे. शाळेत असताना तिला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली होती. पुढे अ‍ॅनिमेशनकडे जायचं तिच्या मनात होतं. सुट्टीत घरच्यांनी तिला असा टॅब्लेट घेऊन दिला. दहाव्या दिवशी तो पुन्हा खोक्यात गेला. आम्ही विचारलं तर म्हणाली, "आजोबा, माझा हातच चांगला नाही. कागदावर जमत होतं ते नशिबाने. इथे मला साधा गोल काढता येत नाही." तिच्या वडिलांचं म्हणणं वेगळं : "पडद्यावालाच घ्यायला हवा होता." त्याची किंमत त्यांनी काढून ठेवली होती. ती याच्या कितीतरी पट होती, आणि तो आकडा कानावर पडल्यापासून मुलीने चित्रकलेचा विषयच बंद केला होता.

मुलगी म्हणते चूक हाताची. वडील म्हणतात चूक वस्तूची. दोघांनीही चौकशी न करता निकाल देऊन टाकला होता. चूक होते आहे हे दिसतंय, पण ती नेमकी कुणाची, हे कसं ठरवायचं? हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे, म्हणजे आमच्या दुकानातला आहे. तेव्हा आज एवढ्या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करू.

ही पाटी काम कशी करते

आधी वस्तू समजून घेऊ. यातल्या बहुतेक टॅब्लेटमध्ये वरच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते. ती जाळी अगदी क्षीण विद्युतचुंबकीय लहरी सोडते. पेनाच्या आत तारेचं एक छोटं वेटोळं आणि एक कपॅसिटर असतो. पेन जवळ आलं की ते त्या लहरींना साद देतं, म्हणजे त्यांच्याशी अनुनाद पावतं, आणि स्वतःची लहर परत पाठवतं. जाळीतल्या कुठल्या तारांवर ती जास्त जोरात आली यावरून पेनाची जागा कळते. टोकावर दाब पडला की परत येणारी लहर किंचित बदलते. त्यावरून दाब कळतो. पेनाला लागणारी ऊर्जा जाळीकडूनच मिळत असल्याने अशा पेनात बॅटरी नसते. १९८३ साली स्थापन झालेली जपानची वॅकॉम ही कंपनी या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. आज इतरही अनेक कंपन्या असे टॅब्लेट करतात.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या दोन्ही पुढे लागणार आहेत.

पहिली : पेन टेकायच्या आधीच, साधारण एक सेंटिमीटर वर असतानाच, पाटीला ते कळतं. स्क्रीनवरचा बाण पेनासोबत फिरू लागतो, पण रेघ उमटत नाही. म्हणजे रेघ सुरू होण्याआधी आपण कुठे आहोत हे दिसतं. नवशिक्या माणसाचा अर्धा गोंधळ हे न वापरल्यामुळे होतो. तो कागदावर टेकवावं तसं पेन थेट टेकवतो आणि रेघ भलतीकडेच सुरू होते.

दुसरी : माउस उचलून दुसरीकडे ठेवला तर बाण जागचा हलत नाही. माउसला फक्त आपण किती सरकलो एवढंच माहीत असतं. आपण कुठे आहोत ते माहीत नसतं. टॅब्लेटचं तसं नाही. पाटीचा डावा वरचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा डावा वरचा कोपरा. पाटीचा मध्य म्हणजे स्क्रीनचा मध्य. प्रत्येक बिंदूला त्याचा एक ठरलेला जोडीदार आहे. ही जुळणी संगणकात बसवलेला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम सांभाळतो. या जोडीदारीवर सगळं अवलंबून आहे.

एक इतिहासाची गोष्ट सांगून टाकतो, कारण 'पडदा नसलेला म्हणजे गरिबाचा' असा समज आहे. १९६३ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड हा प्रोग्रॅम केला. त्यात प्रकाश-पेन थेट पडद्यावर धरून चित्र काढायचे. दुसऱ्याच वर्षी, १९६४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रँड या संस्थेने दहा इंच लांब, दहा इंच रुंद अशी टेबलावर ठेवायची पाटी केली आणि चित्र मात्र समोरच्या पडद्यावर दाखवलं. म्हणजे पडद्यावर थेट काढण्याची सोय आधीपासून असतानाही हात आणि नजर वेगळी ठेवणं हा विचारपूर्वक निवडलेला मार्ग होता. उभ्या पडद्यावर हात अधांतरी धरून माणूस किती वेळ काम करणार, हे आपणही भिंतीवर पाच मिनिटं लिहून पाहावं.

डोळ्याला दिसतं ते आणि हाताला लागतं ते

आता मूळ अडचणीकडे. आपण कागदावर गोल काढतो तेव्हा डोळा पेन्सिलीचं टोक बघतो आणि हाताला तेच टोक जाणवतं. दोन्ही ज्ञानं एकाच जागी पडतात. इतकी एकाच जागी, की ती दोन आहेत हे आपल्याला आयुष्यभर कळत नाही.

आपल्या नैयायिकांना मात्र ते कळलं होतं. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच युक्तिवाद येतो तो असा : जी वस्तू मी डोळ्याने पाहिली तीच मी आता हाताने स्पर्शतो आहे, असं आपण म्हणतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि त्वचेला रूप कळत नाही. मग 'तीच' असं म्हणणारा कोण? तो इंद्रियांहून वेगळा असला पाहिजे. नैयायिकांना त्यातून आत्मा सिद्ध करायचा होता. आपल्याला आज तेवढं लांब जायचं नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेलं ज्ञान कुठेतरी जोडावं लागतं, एवढंच त्यातलं घेऊ.

युरोपात जॉर्ज बर्कली यांनी १७०९ साली दृष्टीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की डोळ्याने कळणारा आकार आणि स्पर्शाने कळणारा आकार यांच्यात जन्मजात नातं नाही. दोन्ही वारंवार एकत्र अनुभवाला येतात म्हणून आपण एकावरून दुसरा ओळखायला शिकतो. एखाद्या भाषेतला शब्द ऐकून अर्थ कळावा तसं.

ही काळी पाटी काय करते? लहानपणापासून एकत्र नांदलेल्या या जोडीला ती दोन वेगळ्या खोल्यांत बसवते. डोळा दोन फूट पुढे बघतो, हात खाली टेबलावर. भाषा तीच, पण शब्द आणि अर्थ यांची नवी जुळणी शिकायची. त्या मुलीचा 'हात वाईट' झाला नव्हता. तिची बाराखडी नवी होती, एवढंच.

पण थांबा. एवढं म्हणून आपण मोकळे झालो तर वडिलांवर अन्याय होईल. कारण वस्तूतही काहीतरी चुकलं असण्याची शक्यता आहेच. ते कसं तपासायचं?

एकसारखी चूक आणि विखुरलेली चूक

विज्ञानात चुकांचे दोन प्रकार करतात. वजनकाटाच पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर दर वेळी तेवढीच आणि त्याच बाजूला चूक होईल. ती मांडणीतली चूक. पण काटा बरोबर असून वजन करणाऱ्याचा हात हलत असेल, तर कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी. ती सरावातली चूक. दर वेळी एकाच बाजूला झुकणारी चूक सरावाने घालवू नये, मांडणी सुधारावी. आणि विखुरलेली चूक मांडणी बदलून जात नाही. तिला सरावच लागतो.

हाच नियम घेऊन आम्ही त्या मुलीसोबत तीन कसोट्या लावल्या. आपणही घरी लावून पाहू शकता.

पहिली कसोटी झाकणाची. डब्याचं एक गोल प्लास्टिकचं झाकण घ्या. स्टीलची वाटी नको. धातूमुळे जाळीच्या लहरींत अडथळा येऊ शकतो. झाकण पाटीवर घट्ट धरा आणि त्याच्या कडेने पेन फिरवा. आता हाताच्या कौशल्याचा प्रश्नच उरला नाही, झाकणच हाताला वळवतं आहे. स्क्रीनवर जे उमटेल ते पट्टीने आडवं आणि उभं मोजा.

तिचा गोल आडवा पसरला होता. दुसऱ्यांदा काढला, पुन्हा तेवढाच आडवा. कारण साधं होतं. समजा, टॅब्लेटची चित्र काढण्याची जागा १० इंच रुंद आणि ६.२५ इंच उंच आहे, म्हणजे १६ : १० या प्रमाणात. आणि स्क्रीन २० इंच रुंद, ११.२५ इंच उंच, म्हणजे १६ : ९. संपूर्ण पाटी संपूर्ण स्क्रीनशी जोडली तर हाताने आडवं एक इंच गेलं की स्क्रीनवर दोन इंच जातं, पण उभं एक इंच गेलं तर १.८ इंचच जातं. म्हणजे हाताने अगदी अचूक काढलेला गोलही स्क्रीनवर सुमारे ११ टक्के जास्त रुंद दिसणार. संगणकाला शेजारी शेजारी दोन स्क्रीन जोडले असतील आणि पाटी त्या दोन्हींवर पसरलेली असेल, तर गोलाची रुंदी उंचीच्या दुपटीहून अधिक होते. तिथे हात बिचारा काय करणार?

उपाय ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये असतो. पाटी एकाच स्क्रीनशी जोडायची आणि प्रमाण कायम ठेवणारा पर्याय निवडायचा. काही ठिकाणी त्याला 'फोर्स प्रपोर्शन्स' म्हणतात. तो पर्याय नसेल तर पाटीची वापरात येणारी उंची आकडा टाकून कमी करायची. वरच्या उदाहरणात ती ६.२५ ऐवजी ५.६२५ इंच करावी लागेल. अर्ध्या इंचाहून थोडी जास्त पट्टी वाया जाते, पण गोल गोल येतो.

दुसरी कसोटी मिटल्या डोळ्यांची. डोळे मिटून आपल्या मनाने डावीकडून उजवीकडे आडव्या पाच रेघा ओढा. डोळे उघडून बघा. पाचही रेघा एकाच बाजूला चढत किंवा उतरत असतील, तर पाटी आपल्या शरीराशी तिरकी ठेवलेली आहे. कागद तिरका ठेवून लिहायची आपल्याला सवय असते, आणि कागदावर त्याने बिघडत नाही, कारण कागदासोबत रेघही तिरकी होते. इथे पाटी वळली तरी स्क्रीन वळत नाही. पाटी थोडी फिरवून ठेवा, पुन्हा पाच रेघा ओढा. झुकाव गेला की पाटी कुठे ठेवायची ते कळलं. टेबलावर खडूने दोन खुणा करून ठेवल्या तरी चालतील. स्क्रीनही पाटीच्या सरळ समोर हवा, कोपऱ्यात नको.

तिसरी कसोटी उचलण्याची. पेन पाटीच्या मधोमध धरा, उचला, वरच्या कोपऱ्यात नेऊन धरा. बाणही कोपऱ्यात गेला पाहिजे. तो मध्येच रेंगाळला, तर पेन माउसच्या पद्धतीने वागत आहे. तीही सेटिंगमधलीच बाब आहे; पेनाची पद्धत निवडली की झालं.

या तीन कसोट्यांत त्या मुलीच्या दोन चुका सापडल्या, प्रमाणाची आणि तिरकेपणाची. दोन्ही मांडणीतल्या. दहा दिवस ती स्वतःला दोष देत होती तो गोल झाकणालाही जमला नसता. पण मांडणी सुधारल्यावरही तिचा हाताने काढलेला गोल वाकडाच आला. फरक एवढाच की आता दर वेळी वेगळ्या बाजूला वाकडा. त्यावर आम्ही म्हटलं, "आता ही चूक तुझी. आणि तुझी आहे म्हणून ती जाईल."

हात कसा शिकतो

ती जाते याला आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९७ साली स्वतःवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. (ते विद्यापीठ ज्या बर्कली गावात आहे त्याला नाव मघाच्याच जॉर्ज बर्कलींचं दिलेलं आहे.) स्ट्रॅटन यांनी आठ दिवस एका डोळ्यावर जग उलटं दाखवणारी भिंगं लावली आणि दुसरा डोळा झाकला. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. सुरुवातीला साधी वस्तू उचलायची तरी भलताच हात पुढे जायचा. शेवटच्या दिवसांत बऱ्याच हालचाली विचार न करता होऊ लागल्या. आता सांगा, ज्याला उलट्या जगात हात चालवता येतो त्याला दोन फूट दूरच्या स्क्रीनवर चालवता येणार नाही?

पण शिकण्याची एक अट आहे. ती रिचर्ड हेल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसते. हे काम १९६० च्या दशकातलं. दृष्टी सरकवून दाखवणारे चष्मे लावून काही जणांना एका वाटेवर स्वतः चालायला सांगितलं. दुसऱ्यांना तसेच चष्मे लावून त्याच वाटेवर चाकाच्या खुर्चीतून फिरवलं. डोळ्यांना दोघांच्या जवळपास तेच दिसलं. जे स्वतः चालले त्यांची नजर आणि हालचाल नव्याने जुळू लागली. खुर्चीत बसलेल्यांची तशी जुळली नाही.

ही अट लक्षात ठेवा. दुसऱ्याने चित्र काढलेले व्हिडिओ पाहून माहिती मिळते, हुरूपही येतो, पण हात खुर्चीतच बसलेला असतो. ती मुलगी रोज दोन तास व्हिडिओ बघायची आणि वीस मिनिटं पेन धरायची. आम्ही तिला हे प्रमाण उलटं करायला सांगितलं.

सराव काय करायचा? चित्र नको. पहिला आठवडा पाटीवर गिरवायचं, आपण अंकलिपी गिरवली तसं.

पहिले काही दिवस माउस बाजूला ठेवून संगणकाचं रोजचं काम पेनाने करा. फाइल उघडा, बंद करा, पान सरकवा. चित्र बिघडण्याची भीती नसते आणि बिंदूंची जोडीदारी हातात मुरते.

मग ठिपके. रांगोळीचे असतात तसे ठिपके स्क्रीनवर मांडा आणि ते सरळ रेघांनी जोडा. पेन टेकवण्याआधी बाण ठिपक्यावर आहे का ते बघा, मग नजर उचलून दुसऱ्या ठिपक्यावर ठेवा आणि रेघ ओढा. नजर पोचायच्या जागी हवी. नजर पेनासोबत घसटत गेली तर रेघ थरथरते.

मग जवळ जवळ समांतर रेघा, मग गोल, मग दाबाची रेघ, बारीक सुरू होऊन जाड होणारी आणि पुन्हा बारीक होणारी. दाबाबद्दल एक सांगतो. खोक्यावर ८१९२ पातळ्या असं लिहिलेलं असतं. त्या आकड्याला भुलू नका. कमीत कमी किती दाबाला रेघ सुरू होते आणि पुढे ती कशी वाढते, याला जास्त महत्त्व आहे. दाबून दाबून बोटं दुखत असतील तर सेटिंगमध्ये दाबाची रेषा हलकी करून घ्या. ती चूकही मांडणीतलीच.

दोन पथ्यं. हाताकडे बघायचं नाही. टायपिंगच्या क्लासमध्ये बोटांकडे न बघता कीबोर्ड शिकवतात, तसंच हे. आणि एकदा जुळणी बसवली की ती रोज बदलायची नाही. पाटीची जागा, वापरातला भाग, स्क्रीन तेच ठेवा. हात जे शिकतो आहे ते नेमकं ती जुळणी शिकतो आहे. रोज नवं सेटिंग म्हणजे रोज नवी बाराखडी.

रेघ चुकली की लगेच पुसण्याची, म्हणजे अनडूची, सोय फार मोहात पाडते. सरावात ती टाळावी असं आमचं मत आहे. चुकलेली रेघ राहू द्या, तिच्या शेजारी दुसरी ओढा. पानभर चुका एकत्र दिसल्या तरच त्या एकसारख्या आहेत की विखुरलेल्या हे कळेल. चूक पुसली तर पुरावाही पुसला जातो.

पाटी नाहीशी होते तेव्हा

फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आंधळ्या माणसाच्या काठीचं उदाहरण घेतलं आहे. सराव झालेल्या माणसाला काठी हातात लागत नाही, रस्ता काठीच्या टोकाशी लागतो. काठी ही जाणवण्याची वस्तू राहिली नाही, ती जाणण्याचं साधन झाली. त्याच प्रकरणात टायपिंग करणाऱ्याचं उदाहरण आहे. कुठलं अक्षर कुठे आहे हे त्याला सांगता येईलच असं नाही, पण बोटांना माहीत असतं. आपल्याकडे हार्मोनियम वाजवणाऱ्याला बघा. नजर गायकावर, बोटं सुरांवर.

टॅब्लेटचंही असंच होतं. एक दिवस लक्षात येतं की बराच वेळ पाटी आठवलीच नाही. पेन जणू स्क्रीनवरच फिरत होतं. शिकणं म्हणजे नुसती माहिती वाढणं नव्हे, शरीराची हद्द थोडी पुढे सरकणं, हा मेर्लो-पाँतींचा मुद्दा आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. पण तो असा टेबलावर घडताना पाहिला तो या मुलीमुळे. तीन आठवडे झाले आहेत. गोल अजून कागदावरच्यासारखा येत नाही. पण खोकं माळ्यावर गेलं आहे आणि टॅब्लेट टेबलावर आहे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*मग पडदा असलेला टॅब्लेट घेऊच नये का?*

असं आम्ही म्हणणार नाही. बारीक काम, अक्षरलेखन, कागदावरच्या रेघा डिजिटल शाईने पक्क्या करणं यात तो सोयीचा आहे. जुळणी नव्याने शिकावी लागत नाही. पण त्याचीही किंमत असते, आणि ती फक्त पैशात नसते. मान वाकवून काम करावं लागतं आणि चित्राचा काही भाग आपल्याच हाताखाली झाकला जातो. साध्या पाटीवर मान सरळ राहते आणि सगळं चित्र उघडं दिसतं. ऐपत असेल तर हवा तो घ्या. पण 'माझा हात वाईट' या भीतीपोटी घेऊ नका.

*छोटा टॅब्लेट घ्यावा की मोठा?*

स्क्रीन बघून ठरवा. ६ इंच रुंदीची पाटी २० इंची रुंदीच्या स्क्रीनला जोडली तर हाताची हालचाल तिपटीहून मोठी होऊन दिसते, आणि हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो. लॅपटॉपसाठी छोटी पाटी चालून जाते. मोठ्या स्क्रीनला, आणि कोपरापासून हात फिरवून काढणाऱ्याला, मोठी बरी.

*वय झालं आहे, हात थरथरतो. आम्ही शिकू शकतो का?*

आम्हीही याच प्रश्नासकट पेन धरलं. मोठी पाटी घ्या. चित्र मोठं करून काढा आणि मग लहान करून बघा. क्रिटासारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये रेघ स्थिर करणारी सोय असते. तिने थरथर कमी होते, पण रेघ हाताच्या थोडी मागून येते. ती थोडीच वापरा.

*डावखुऱ्यांनी काय करायचं?*

बऱ्याच टॅब्लेटच्या एका बाजूला बटणं असतात. पाटी अर्धं वर्तुळ फिरवून ठेवायची आणि ड्रायव्हरमध्ये डावखुऱ्यांचा पर्याय निवडायचा. नुसती पाटी फिरवली आणि सेटिंग बदललं नाही, तर आपला स्ट्रॅटन होईल.

*पाटीवर कागद ठेवून गिरवलं तर चालतं?*

चालतं. पातळ कागदातून पेन कळतं. जुनं चित्र संगणकात घ्यायला ही चांगली युक्ती आहे. पण त्यात नजर पुन्हा हाताकडे जाते, तेव्हा याला सराव म्हणून धरू नका.

आज इथेच थांबू. घरी कुणी असा टॅब्लेट खोक्यात ठेवून दिला असेल, तर त्याला उपदेश करू नका. एक प्लास्टिकचं झाकण घेऊन त्याच्या शेजारी बसा. नमस्कार.